सेन्सरचे अर्थिंग कोठे द्यावे?

(ट्रॅक्टरमालक व ऊस वाहतूकदार सभासदांसाठी)



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, खत, पाणी आणि खोडव्याच्या पाचटाविषयी लिहावे, वायरिंगविषयी कशाला, असे काहींना वाटेल. पण शेतात ऊस कितीही चांगला आला तरी तो गव्हाणीपर्यंत ट्रॅक्टरच आणतो. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गळिताला गेला पाहिजे हे शेतकी विभाग दर हंगामात सांगतो. त्यापुढे उसाचे वजन घटते आणि साखर उतारा कमी होतो. ट्रॅक्टर रात्री रस्त्यात बंद पडला की भरलेल्या दोन ट्रॉल्या जागेवर, मुकादम फोनवर, टोळी बसून आणि तोडलेला फड उन्हात. म्हणून हा विषय आमच्याच खात्याचा आहे असे मी समजतो.

अलीकडे बंद पडलेल्या ट्रॅक्टरची चौकशी केली की एक उत्तर ठरलेले असते, "सायब, सेन्सर गेलाय." सेन्सर नवा आणतात, बसवतात, चार खेपा होतात आणि पुन्हा तेच. यातल्या बऱ्याच वेळा सेन्सर चांगला असतो, त्याचे अर्थिंग चुकलेले असते. हे का होते, ते समजून घेतले तर मिस्त्रीला नेमका प्रश्न विचारता येईल आणि विनाकारण सुटे भाग बदलण्याचा खर्च वाचेल.

प्रथम एक गैरसमज दूर करू. आपल्याकडे अर्थिंग म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो विहिरीवरच्या मोटारीजवळचा खड्डा, त्यात मीठ-कोळसा आणि पुरलेली पट्टी. ते अर्थिंग माणसाला शॉक बसू नये म्हणून असते. ट्रॅक्टरच्या अर्थिंगचा जमिनीशी काही संबंध नाही, रबरी टायरवर उभ्या असलेल्या गाडीचा तो असणारही कसा? ट्रॅक्टरमध्ये अर्थ म्हणजे बॅटरीचे निगेटिव्ह टोक. बॅटरीच्या पॉझिटिव्हकडून तारेने करंट दिव्याकडे जातो आणि दिव्याकडून इंजिन, गिअरबॉक्स, मडगार्ड अशा लोखंडातून परत निगेटिव्हला येतो. जाण्याची वाट तांब्याची, येण्याची वाट लोखंडाची. एका तारेची बचत होते म्हणून ही पद्धत आहे, आणि दिवे, हॉर्न, सेल्फ यांच्यापुरती ती चांगली चालते. मात्र परतीच्या वाटेवर कोठे गंज, रंग, चिखल किंवा सैल बोल्ट असला की तेथे अडथळा होतो. जाणारी तार सगळे तपासतात, परतीची वाट कोणी बघत नाही.

आता अडथळ्याने नेमके काय होते ते पाहू. आपल्या भागातल्या सभासदांना हे पाण्याच्या उदाहरणाने चटकन पटेल. १९६८ साली येलदरी आणि सिद्धेश्वरची धरणे झाल्यापासून वसमत भागातल्या पुष्कळ उसाला पूर्णेच्या कालव्याचे पाणी आहे. चारीत गवत माजले की गवताच्या वरच्या अंगाला पाणी तुंबते आणि पातळी चढते, खालच्या अंगाला ती कमी राहते. पाणी बंद असेल तर गवत असूनही दोन्हीकडे पातळी सारखीच. म्हणजे पातळीतला फरक पडायला दोन गोष्टी लागतात, अडथळा आणि वाहते पाणी. विजेचेही अगदी असेच आहे. खराब जोडामधून करंट वाहू लागला की जोडाच्या अलीकडे व्होल्टेज चढते. जोड जितका खराब आणि करंट जितका जास्त, तितका फरक मोठा. सेल्फ मारताना ट्रॅक्टर २०० अँपिअर सहज ओढतो. बॅटरीच्या अर्थपट्टीच्या जोडात एका ओहमचा दोनशेवा भाग एवढाच अडथळा असला, तरी तेवढ्यात १ व्होल्ट तेथे खर्ची पडतो. हातातल्या साध्या मीटरला एवढा बारीक अडथळा दाखवता येत नाही, पण ट्रॅक्टरला तो कळतो.

दिव्याचे १ व्होल्टने फार बिघडत नाही. सेन्सरचे बिघडते. पाटकरी कालव्यावरची पट्टी वाचतो ती पट्टी पक्क्या चिऱ्यावर उभी आहे या भरवशावर. ती अर्धा फूट गाळात खचली तर पाणी तेवढेच असूनही अर्धा फूट जास्त दिसेल. पट्टीवरचे आकडे बरोबर, पाटकऱ्याची नजर बरोबर, तरी नोंद चूक. सेन्सरचे अर्थिंग म्हणजे हा पट्टीखालचा चिरा आहे. ती पाणी वाहून न्यायची चारी नाही. त्या तारेतून दिव्याचा, हॉर्नचा किंवा दुसऱ्या कशाचाही करंट वाहता कामा नये. एवढी एक गोष्ट पक्की ध्यानात राहिली तर पुढचे सगळे तिच्यातूनच निघते.

जुन्या ट्रॅक्टरांवर ऑइल प्रेशरचा आणि पाण्याच्या तापमानाचा जो सेन्सर असतो, त्याला बहुतेक वेळा एकच तार असते. त्याची अर्थ आट्यांमधून थेट इंजिनच्या लोखंडाला मिळते. इथे गंमत अशी होते की गळती बंद व्हावी म्हणून मिस्त्री आट्यांना नळाची पांढरी टेप चांगली चार-पाच वेढे गुंडाळतो. गळती थांबते आणि काटाही थांबतो, कारण टेपमुळे लोखंडाला लोखंड टेकत नाही. इंजिन उघडून रंग मारून आणले की काटे चुकू लागतात, त्यातही हेच कारण पुष्कळदा असते. अशा सेन्सरला टेप लावूच नये, तांब्याचा वायसर आणि स्वच्छ आटे पुरतात.

आता नव्या ट्रॅक्टरांकडे वळू. १ जानेवारी २०२३ पासून आपल्या देशात ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे ट्रेम ४ हे नियम लागू झाले. ते पाळण्यासाठी या गटातल्या ट्रॅक्टरांना जुन्या डिझेल पंपाऐवजी कॉमन रेल पद्धत आणि तिला चालवणारा ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, आला. दोन ट्रॉल्या ओढायला मोठा ट्रॅक्टर लागतो, त्यामुळे ऊस वाहतुकीला येणाऱ्या नव्या गाड्यांत ही पद्धत वाढत जाणार हे उघड आहे. डिझेल किती आणि कधी सोडायचे हे आता ईसीयू ठरवतो, आणि ते ठरवतो सेन्सरच्या सांगण्यावरून.

या सेन्सरना ईसीयू १२ व्होल्ट देत नाही, मोजून ५ व्होल्ट देतो. दाबाच्या सेन्सरला तीन तारा असतात : ५ व्होल्टची, सांगाव्याची आणि अर्थची. ही अर्थची तार बॉडीला जात नाही. ती परत ईसीयूमध्येच जाते, आणि ईसीयूची स्वतःची मुख्य अर्थ बॅटरीच्या निगेटिव्हला किंवा कंपनीने ठरवून दिलेल्या एकाच बोल्टला जाते. म्हणजे मोजणारा आणि मोजपट्टी एकाच चिऱ्यावर. समजा, रेलच्या दाबाचा सेन्सर ० ते १८०० बारसाठी ०.५ ते ४.५ व्होल्ट सांगतो. मग ४ व्होल्टांत १८०० बार बसले, म्हणजे ०.१ व्होल्टची चूक ४५ बारची झाली. ईसीयूला वाटते दाब जास्त आहे, तो कमी करतो, इंजिन ओढत नाही. चढावर ट्रॉल्या भरलेल्या असताना हे झाले म्हणजे ड्रायव्हर गिअरला दोष देतो आणि मालक डिझेलला.

तापमानाच्या सेन्सरमध्ये धोका जास्त आहे. हा सेन्सर तापला की त्याचा अडथळा घटतो. नेहमी आढळणाऱ्या एका जातीत २० अंशांना सुमारे २,५०० ओहम, तर १०० अंशांना २०० ओहमच्याही आत. अडथळा घटला की व्होल्टेज घटते, म्हणजे इथे कमी व्होल्टेज याचा अर्थ गरम इंजिन. अशा सेन्सरची अर्थ खराब जोडावर दिली आणि तेथे ०.२ व्होल्ट चढले, तर इंजिन १०० अंशांवर असताना ईसीयूला ते ८० ते ८५ च्या आसपास दिसते. पाणी उकळत असते आणि काटा निवांत असतो. हेड गॅस्केट जाईपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही.

हे कागदावरचे गणित नाही. आमच्या गाडीतळावर एका सभासदाचा नवा ट्रॅक्टर असाच आला होता. दिवसाच्या खेपेला सगळे ठीक, रात्रीच्या खेपेला इंजिन तापायचे, पण काटा मात्र उलट खाली उतरायचा. मालकाने थर्मोस्टॅट बदलला, दोनदा सेन्सर बदलला, रेडिएटर धुऊन घेतला. ड्रायव्हर म्हणाला, "रातच्याला गार हवेनं काटा खाली येतोय, बाकी काय नाय." कारखान्याच्या वाहन विभागातल्या इलेक्ट्रिशियनने वेगळेच केले. भर दुपारी ट्रॅक्टर चालू ठेवून सगळे दिवे लावायला सांगितले. काटा लगेच खाली. दिवे बंद, काटा वर. मग शोधायला वेळ लागला नाही. हंगामाआधी मालकाने बाहेरून जास्तीचे दिवे, पंखा, टेप आणि मोठा हॉर्न बसवून घेतला होता. त्या सगळ्यांची अर्थ डॅशबोर्डमागच्या एका रंगवलेल्या पत्र्याच्या बोल्टला दिलेली. त्याच कामात तापमानाच्या सेन्सरची काळी तार तुटली होती, तीही "काळी म्हणजे अर्थच" म्हणून त्याच बोल्टला जोडून टाकली. दिव्यांचे दहा-बारा अँपिअर त्या बोल्टातून परत जायचे आणि रात्र झाली की मोजपट्टी खचायची. तार ईसीयूच्या मूळ तारेला पुन्हा जोडली, दिव्यांना स्वतंत्र अर्थ दिली, बोल्टाखालचा रंग खरवडला. एकही सुटा भाग लागला नाही.

दिवे लावल्यावर, हॉर्न दाबल्यावर, ब्रेक दाबल्यावर किंवा सेल्फ मारतानाच जो दोष दिसतो, तो अर्थिंगचा असण्याची शक्यता सगळ्यांत जास्त. खराब सेन्सर दिवस-रात्र बघत नाही. आणखी एक बारकावा सांगतो. सेल्फ मारताना करंट इंजिनकडून बॅटरीकडे परत येतो, पण इंजिन चालू झाले की डायनामो मालक होतो आणि त्याची अर्थ तर इंजिनच्या अंगालाच असते. मग त्याच पट्टीतून करंट उलट्या दिशेने वाहतो. म्हणून पट्टी खराब असेल तर सुरू होताना चूक एका बाजूला आणि चालताना दुसऱ्या बाजूला पडते. "कधी जास्त दाखवतो, कधी कमी" असे ड्रायव्हर सांगतो तेव्हा तो बऱ्याचदा खरे सांगत असतो, त्याला वेड्यात काढू नका.

ट्रॅक्टरचे इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना पक्के बोल्ट केलेले असल्यामुळे ते एकच लोखंड समजायला हरकत नाही. पण मडगार्ड, फूटबोर्डचा प्लॅटफॉर्म, बॉनेट आणि बॅटरीचा ट्रे यांची गोष्ट तशी नाही. काही ट्रॅक्टरांत प्लॅटफॉर्म रबरी बुशांवर बसवलेला असतो, इतरत्र रंगाचे जाड थर मध्ये असतात. दिसायला लोखंडाला लोखंड, विजेच्या दृष्टीने गवताने भरलेली चारी. दिव्याची अर्थसुद्धा अशा पत्र्याला देऊ नये, सेन्सरची तर मुळीच नाही.

काही सभासद नदीकाठच्या डिझेल इंजिनला किंवा जनरेटरला बाहेरून कंट्रोलर बसवतात. ऑइल कमी झाले किंवा पाणी तापले की इंजिन आपोआप बंद व्हावे, हा हेतू चांगला आहे, रात्री राखणीला माणूस मिळत नाही. पण हा कंट्रोलर बसवताना अर्थिंगचा विचार आधी करावा. सेन्सर एका तारेचा, आट्यांतून अर्थ घेणारा असेल, तर त्याचा चिरा म्हणजे इंजिन ब्लॉक. मग कंट्रोलरची अर्थही ब्लॉकवर, सेन्सरच्या जवळ, स्वतंत्र जाड तारेने द्यावी. सेन्सर दोन किंवा तीन तारांचा असेल, तर त्याची अर्थची तार ब्लॉकला न लावता कंट्रोलरवर "सेन्सर अर्थ" म्हणून दिलेल्या टोकाला परत न्यावी. दोन्हीकडे लावू नये. दोन्हीकडे लावली की बॅटरीच्या पट्टीला एक समांतर वाट तयार होते, आणि पट्टी सैल झाली त्या दिवशी सेल्फचा करंट त्या सुतळीसारख्या तारेतून आणि कंट्रोलरच्या पोटातून जायला बघतो. तार जळाली तर नशीब, कंट्रोलर जळाला तर तो टाकून द्यावा लागतो. "दोन ठिकाणी दिली म्हणजे पक्की झाली" हा मिस्त्री लोकांचा आवडता विचार मोटारीच्या खड्ड्याला लागू असेल, सेन्सरला नाही.

क्रँकशाफ्टचे फेरे मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर कधी कधी जाळीचे वेष्टण असते. त्या जाळीचेही अर्थिंग कंट्रोलरच्या एकाच टोकाला करतात, दुसरे टोक मोकळे पण झाकून ठेवतात. ही तार डायनामोच्या किंवा सेल्फच्या जाड तारेला बांधून नेऊ नये.

तपासणीसाठी मोठी साधने लागत नाहीत. साधा मल्टिमीटर पुरे, तो आज कोणत्याही इलेक्ट्रिक दुकानात मिळतो. मात्र तो "बीप" वर ठेवून तपासू नका. सात धाग्यांच्या तारेचे सहा धागे तुटले तरी मीटर बीप करतो. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी सळई बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर टेकवा, तारेच्या लगवर नव्हे, खुद्द शिशाच्या खुंटीवर. लाल सळई इंजिन ब्लॉकवर स्वच्छ जागी धरा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेले तर पट्टी आणि तिचे दोन्ही जोड खोलून साफ करा. मग इंजिन चालू ठेवून, सगळे दिवे लावून, लाल सळई सेन्सरच्या अर्थवर. इथे ०.०५ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर शंका घ्या. उणे चिन्ह दिसले तरी आकडा महत्त्वाचा. तापमानाच्या सेन्सरचा प्लग काढून, चावी लावून, प्लगच्या दोन पिनांमध्ये मोजले तर ५ व्होल्टच्या जवळपास यायला हवेत. ते येत असतील तर ईसीयूकडून येणाऱ्या दोन्ही तारा शाबूत आहेत. बॉडी आणि सांगाव्याची पिन यांत ५ येतात पण दोन पिनांत येत नाहीत, तर अर्थची तार तुटलेली आहे, सेन्सर विकत आणायला निघू नका. बल्बचा टेस्टर ईसीयूच्या तारांवर लावू नये, तो जास्त करंट ओढतो आणि आतला भाग जाऊ शकतो. तारेला सुई टोचून तपासण्याचीही सवय सोडावी, त्या भोकातून पावसाळ्यात पाणी शिरते आणि पुढच्या हंगामात तार आतून हिरवी पडलेली सापडते.

जोड करतानाचे काम म्हटले तर साधे आहे, पण इथेच घाई होते. बोल्टाखालचा रंग पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत काढावा. पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड धक्क्यांनी महिनाभरात सैल होतो, म्हणून तारेला लग दाबून बसवावा. दातेरी वायसर घालावा, बोल्ट आवळून झाल्यावर वरून व्हॅसलिन लावावे. आवळण्यापूर्वी मध्ये ग्रीस भरू नये. एका बोल्टाखाली पाच-सहा लग चढवण्यापेक्षा जाड करंटच्या तारा वेगळ्या बोल्टावर घ्याव्यात. नव्याने बसवलेल्या दिव्यांची आणि हॉर्नची अर्थ सरळ बॅटरीच्या निगेटिव्हकडे न्यावी, फ्यूज आणि रिले पॉझिटिव्हकडे घालावेत. मूळ हार्नेसमधल्या सेन्सरच्या तारेला खरडून त्यावर दुसरे मीटर जोडू नये. वॉरंटीतल्या ट्रॅक्टरला हात लावण्यापूर्वी आधी कंपनीच्या माणसाला दाखवावे. बाहेरची वायरिंग दिसली की वॉरंटीचा वाद निघतो आणि तो हंगामात परवडत नाही.

आता ट्रॉलीविषयी, कारण इथे जिवाचा प्रश्न आहे. आपल्याकडच्या अनेक ट्रॉल्यांना मागच्या दिव्यासाठी फक्त जाणाऱ्या तारा असतात, परतीची वाट म्हणजे हुकाची पिन. त्या पिनेवर ग्रीस, चिखल, पाचटाचा भुगा. खड्ड्यात ट्रॉली उचलली गेली की दिवा विझतो, ओढ बसली की लागतो. दुसऱ्या ट्रॉलीला तर दोन पिना ओलांडायच्या असतात. दिव्याला १२ ऐवजी १० व्होल्ट मिळाले तर उजेड सहाव्या भागाने नव्हे, जवळजवळ निम्म्याने घटतो. डिसेंबरच्या धुक्यात, वसमत-औंढा किंवा वसमत-नांदेड रस्त्यावर, उसाने झाकलेल्या ट्रॉलीचा मंद दिवा मागच्या मोटारसायकलवाल्याला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. ब्रेक दाबल्यावर मागचा दिवा उजळण्याऐवजी मंद होत असेल, किंवा इंडिकेटरबरोबर सगळेच दिवे उघडझाप करत असतील, तर ती खराब अर्थची खूण आहे. बल्ब बदलून उपयोग नाही.

उपाय असा की अर्थची स्वतंत्र तार ट्रॅक्टरपासून दुसऱ्या ट्रॉलीच्या शेवटच्या दिव्यापर्यंत ओढावी. सात पिनांच्या सॉकेटमध्ये तीन नंबरची पिन अर्थसाठीच राखलेली असते, काही सॉकेटवर तिच्याजवळ ३१ असा आकडा असतो. ती रिकामी सोडू नये. तार बारीक घेऊ नये. १ चौरस मिलिमीटरची १५ मीटर तार ५ अँपिअरला एका बाजूलाच सुमारे १.३ व्होल्ट खाते, २.५ चौरस मिलिमीटरची अर्धा व्होल्ट. किमतीतला फरक एका पंक्चरच्या आसपासचा असेल. दिवे असले तरी रिफ्लेक्टर काढायचे नाहीत, ट्रॉली बंद पडून उभी असताना तेच कामाला येतात.

हंगामात हूक, ड्रॉबार, ट्रॉलीचे पाटे यांना वेल्डिंग सतत चालू असते. ईसीयूच्या ट्रॅक्टरवर वेल्डिंग करायचे तर आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, ईसीयूचा प्लग काढा, आणि वेल्डिंगचा अर्थ क्लँप जिथे सांधा मारायचा त्याच्या अगदी जवळ लावा. ट्रॉलीला वेल्डिंग असेल तर ट्रॉली सोडून बाजूला घ्या आणि सात पिनांचा प्लगही काढा. क्लँप ट्रॅक्टरच्या पुढच्या अंगाला आणि सांधा मागच्या हुकाला, असे केले की वेल्डिंगचा करंट मधल्या सगळ्या तारांतून वाट शोधतो. वेल्डर घाईत असतो, त्याला हे मालकानेच सांगावे लागते.

हंगाम संपून ट्रॅक्टर शेडमध्ये उभा राहिला की उंदीर वायरिंगवर येतात. पेटवण्यापूर्वी बॉनेट उघडून तारा एकदा बघून घ्याव्यात.

येत्या हंगामाचे वाहतूक करार करताना ट्रॅक्टर-ट्रॉलीची जी पाहणी होते, तिच्यासोबत वर सांगितलेल्या तपासण्या करून घ्यायच्या असतील तर गट कार्यालयात शेतकी मदतनीसाकडे ट्रॅक्टरचा नंबर द्यावा. मीटर आमच्याकडे आहे. येताना दोन्ही ट्रॉल्या जोडून आणाव्यात, ट्रॉलीशिवाय आणलेल्या ट्रॅक्टरचे मागच्या दिव्यांचे अर्थिंग तपासता येत नाही.

– ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग